एमएस असताना पाण्यातला व्यायाम कसा करावा

ताईला एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरॉसिस झाल्याचं कळलं तेव्हा शेजारणी सांगायच्या, 'गरम पाण्याने शेक दे, पाय मोकळे होतील.' नेमकं तेच करू नका. या आजारात मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण झिजतं. मग अंग थोडं तापलं तरी संदेश अडखळतात, पाय जड होतात, डोळ्यांपुढे धूसर दिसतं. व्यायामानंतर काही वेळ धूसर दिसतं, हे विल्हेल्म ऊथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्येच नोंदवलं होतं. अंग निवलं की त्रास ओसरतो.

आधी न्यूरोलॉजिस्ट आणि फिजिओथेरपिस्टना विचारा. आजार नुकताच उसळलेला असेल, लघवीचा संसर्ग किंवा उघडी जखम असेल, तर थांबा.

मग पाणी तपासा. २७ ते २९ अंश सेल्सिअस चांगलं. हाताच्या अंदाजावर जाऊ नका, साधा थर्मामीटर बुडवा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये उघडा तलाव दिवसभर तापतो, म्हणून सकाळीच जा. पणजीत कांपाल किंवा मडगावजवळ फातोर्ड्याच्या तलावावर गर्दी नसलेली वेळ विचारून घ्या. समुद्र मात्र नको. लाट तोल घालवते आणि पायाखालची वाळू सरकते.

छातीएवढ्या पाण्यात उभं राहा. तिथे पायांवर वजनाचा जेमतेम तिसरा हिस्सा येतो. काठ धरून आडवं चाला, टाचा उचला, मग तळवे उघडे ठेवून पाणी पुढे-मागे ढकला. पहिल्या दिवशी दहा मिनिटं पुरे. सोबत पोहता येणारा माणूस हवाच.

सगळ्यात जपायचं ते बाहेर येताना. ताई पाण्यात इतकी हलकी झाली होती की हसत होती, आणि उभ्या शिडीच्या दुसऱ्या पायरीवर तिचा गुडघा लटपटला. मी मागे होते म्हणून निभावलं. तेव्हापासून आम्ही रुंद पायऱ्या आणि कठडा असलेलाच तलाव बघतो. ती कमरेएवढ्या पाण्यात दोन मिनिटं थांबते, पायांना वजनाची सवय होऊ देते, मगच वर येते. काठावर खुर्ची, टॉवेल आणि थंड पाण्याची बाटली तयार असते. वारंवार लघवी लागेल या धास्तीने पाणी पिणं टाळू नका.

थकवा दोन तासांत उतरला नाही, तर पुढच्या खेपेला वेळ निम्मा करा. अंग निवूनही नवा त्रास दिवसभर टिकला, तर डॉक्टरांना फोन करा.