माल संपला तरी टॅगवर 'उपलब्ध'च

विणलेल्या पिशव्या मी सोशल मीडियावरच्या शॉपमधून विकते. पोस्टमधल्या प्रॉडक्ट टॅगवर संपलेली पिशवीही 'उपलब्ध' दिसायची, आणि वेबसाइटवर गेलेलं गिऱ्हाईक हिरमुसून परतायचं. फार वाईट वाटायचं.

टॅग थेट वेबसाइट बघत नाही. तो कॅटलॉगमधली, म्हणजे शॉपच्या वस्तूंच्या यादीतली, नोंद दाखवतो, आणि ती डेटा फीडवरून, म्हणजे वस्तूंची माहिती आणि स्टॉक असलेल्या फाइलवरून, ठरलेल्या वेळीच ताजी होते. माझं फीड दिवसातून एकदाच वाचलं जायचं. ते दर तासाला केलं. तरी संपलेली लाल पिशवी 'उपलब्ध'वरून हटेना! कॅटलॉगमध्ये पाहिलं तर तिच्या दोन नोंदी: एक फीडमधली, दुसरी जुन्या आयडीची (वस्तूच्या ओळख-क्रमांकाची), हाताने भरलेली. टॅग नेमका जुनीला जोडलेला. ती नोंद काढली, पोस्ट एडिट करून टॅग नव्याने लावला. आता तासाभरात 'स्टॉक संपला' दिसतं. नाव, फोटो खुशाल बदला. आयडीला मात्र हात लावू नका.