टर्नटेबलखाली रबर सरकवण्याआधी

टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र) जोडून झालाय, सुईचं वजनही लावलंय, असं धरून चालतो. तो स्पीकरच्या टेबलावर ठेवू नका. कोपऱ्यातही नको, तिथे खर्ज सगळ्यात जास्त साचतो. अँपपासून (अँप्लिफायरपासून) हातभर लांब ठेवा, नाहीतर ट्रान्सफॉर्मरची गुणगुण ऐकावी लागेल. अर्थची बारीक वायर फोनो प्रीअँपच्या, म्हणजे सुईकडून येणारा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या डब्याच्या, स्क्रूला लावा.

टर्नटेबलपासून फोनो प्रीअँपपर्यंतची वायर मीटर-सव्वा मीटरच्या आत हवी. मूव्हिंग मॅग्नेट जातीच्या कार्ट्रिजमधून (सुई बसवलेल्या ठोकळ्यातून) जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट निघतात. वायर लांबली की कपॅसिटन्स (वायरची विद्युतभार साठवायची क्षमता) वाढतो आणि वरचे स्वर आधी टोचरे होतात, त्यापुढचे गळतात. अंतर जास्त असेल तर प्रीअँप टर्नटेबलशेजारी ठेवा आणि पुढची वायर चार-पाच मीटर खुशाल न्या. महागड्या वायरी विकणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा.

खरा घोळ हादऱ्यांचा. मलाही सगळ्यात जास्त छळलं ते याच पायरीने. ‘खाली काहीतरी मऊ ठेवा’ हा सल्ला जो तो देतो, पण हादरा येतोय कुठून, हे कुणी विचारत नाही. ते आधी शोधा. मोटर बंद ठेवून थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवा, आवाज नेहमीइतका करा आणि फळीवर बोटाने टकटक करा. ठणठणीत ऐकू आलं तर फळीत खोट. मग कुणालातरी खोलीतून चालायला सांगा. वूफरचा (खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा) पडदा डोलला तर जमीनच हलतेय. शेवटी आवाज सावकाश वाढवा. घुमारा चढायला लागला तर स्पीकरचा आवाज सुईपर्यंत परत पोचतोय. आवाज लगेच खाली आणा, वूफर जाईल!

आता मऊपणाचं गणित. टोनआर्म (सुईचा दांडा) आणि कार्ट्रिज मिळून साधारण ८ ते १२ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ८ ते १२ वेळा, डोलतात. वजनाखाली अडीच मिलिमीटर दबणारी स्प्रिंग १० हर्ट्झच्या आसपास डोलते, म्हणजे नेमकी नको तिथे. तीच १ सेंटीमीटर दबली तर डोल ५ हर्ट्झवर येतो. स्प्रिंग स्वतःच्या डोलाच्या सुमारे १.४ पटीच्या वरचेच हादरे अडवते. त्याखाली काही अडत नाही, उलट ते फुगतात. म्हणून हलत्या जमिनीवर स्पंजची गादी घातली की पावलांचा त्रास बऱ्याचदा वाढतो. न दबणारं टणक रबर काहीच करत नाही, आणि पार चेपून बसलेलंही नाही. टर्नटेबलला आतच स्प्रिंगा असतील तर खाली आणखी मुळीच लावू नका.

जुन्या वाड्यात किंवा चाळीत लाकडी तक्तपोशी असेल तर जमिनीचा नाद सोडा आणि भिंतीत ब्रॅकेट ठोकून फळी लावा. भिंत विटांची हवी, प्लायवूडचं पार्टिशन चालणार नाही. स्पीकरमागची भिंतही टाळा. सिमेंटच्या स्लॅबवर मात्र जड टेबल बहुतेक वेळा पुरतं. टकटक तरीही ऐकू आली तर मार्बलवाल्याकडून कडप्पा कापून आणा आणि त्याच्या चार कोपऱ्यांखाली वजनाने थोडे दबतील असे रबराचे तुकडे देऊन त्यावर टर्नटेबल ठेवा. नुसता कडप्पा टेबलावर टाकू नका, तो स्वतःच वाजतो.

पाणसळ टर्नटेबलच्या थांबलेल्या थाळीवर ठेवून पाये जुळवा, पाणसळ काढा आणि टकटक पुन्हा एकदा करून बघा. वाजवताना झाकण काढून बाजूला ठेवा.