कालव्याच्या लॉकमधून जाणारे मोठे जहाज कसे पाहावे

लॉक पाहायला आलेली बहुतेक मंडळी जहाज आत शिरत असताना छायाचित्रे काढतात आणि जहाज थांबले की पाठ फिरवतात. खरे तर पाहण्यासारखा भाग तेव्हाच सुरू होतो. जहाज स्वतःच्या इंजिनाने आत येते, त्यात नवल थोडे. हजारो टनांचे ते धूड कोणत्याही क्रेनशिवाय निव्वळ पाण्यावर कित्येक मीटर उचलले जाते, हा लॉकचा चमत्कार आहे. तो शांतपणे, हालचाल जाणवूही न देता घडत असल्यामुळे कुठे पाहायचे हे आधी माहीत असावे लागते.

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला पाण्याचा लांबलचक हौद. खालच्या बाजूने जहाज आत आले की मागचा दरवाजा मिटतो, वरच्या बाजूचे पाणी हौदात सोडले जाते आणि पातळी वरच्या पाण्याइतकी झाली की पुढचा दरवाजा उघडतो. उतरणाऱ्या जहाजासाठी हाच क्रम उलटा होतो.

जागा निवडताना

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करावा. सुएझ कालव्यात एकही लॉक नाही, कारण त्याच्या दोन्ही टोकांच्या समुद्रांची पातळी जवळपास सारखी आहे. तिथे जहाजे दिसतील, पण ती वाळवंटातून सरळ निघून जातील.

पनामा कालव्याचे तसे नाही. १९१४ साली सुरू झालेल्या या कालव्यात जहाजाला समुद्रसपाटीपासून सुमारे २६ मीटर उंचीवरील गातून सरोवरात चढवून दुसऱ्या बाजूला पुन्हा उतरवावे लागते. पॅसिफिकच्या बाजूला मिराफ्लोरेस येथे दोन पायऱ्यांचे (म्हणजे एकापुढे एक दोन हौदांचे) आणि पेद्रो मिगेल येथे एका पायरीचे, तर अटलांटिकच्या बाजूला गातून येथे तीन पायऱ्यांचे लॉक आहे. या जुन्या लॉकचा प्रत्येक हौद सुमारे ३०५ मीटर लांब आणि ३३.५ मीटर रुंद आहे. त्यात ३२.३ मीटर रुंदीचे जहाज शिरते, म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम दोन-दोन फूट जागा उरते. २०१६ साली सुरू झालेले आग्वा क्लारा आणि कोकोली हे नवे लॉक बरेच मोठे, ४२७ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद आहेत. हजारो कंटेनर लादलेली प्रचंड जहाजे पाहायची असतील, तर आग्वा क्लारा येथील प्रेक्षागृह गाठावे.

उत्तर अमेरिकेत, सुपीरियर आणि ह्यूरन या सरोवरांमधील पातळीचा सुमारे ६.४ मीटरचा फरक ओलांडण्यासाठी सू लॉक्स आहेत. तिथल्या पो लॉकमधून ३०० मीटरहून लांब मालवाहू जहाजे जातात आणि प्रेक्षकांसाठीचा मंच लॉकजवळच आहे. कॅनडातील वेलंड कालवा आठ लॉकच्या साहाय्याने जहाजांना नायगारा कड्याची जवळजवळ १०० मीटरची चढण पार करून देतो. त्यातील सेंट कॅथरिन्स येथील तिसऱ्या लॉकजवळ पाहण्याची चांगली सोय आहे, तर थोरोल्ड येथे चौथे, पाचवे आणि सहावे लॉक एकाला एक लागून जिन्याच्या पायऱ्यांसारखे उभे आहेत.

युरोपात नेदरलँड्समधील आयमाउडेन येथे २०२२ साली सुरू झालेले लॉक ५०० मीटर लांब आणि ७० मीटर रुंद असून ते जगातील सर्वांत मोठे मानले जाते. तरीही पहिल्यांदा पाहणाऱ्याला मी ते सुचवणार नाही. समुद्राजवळच्या अशा लॉकमध्ये भरती-ओहोटीपुरताच पातळीचा फरक असतो, आणि इतक्या ऐसपैस हौदात मोठे जहाजही लहान वाटते. लॉक जितके अरुंद आणि चढ जितका जास्त, तितका अनुभव मोठा, हे सूत्र ध्यानात ठेवले तर निवड चुकत नाही. माझे मत विचाराल तर वेलंड कालव्यात पहिल्या सातपैकी एकेका लॉकमध्ये जहाज सुमारे १४ मीटर उचलले जाते, त्यामुळे पाहणाऱ्यासाठी त्याच्या तोडीचे ठिकाण विरळाच.

वेळ ठरवताना

लॉकवर जाऊन जहाजाची वाट पाहत बसण्यापेक्षा जहाज निघाले की नाही ते आधी पाहावे. मोठी जहाजे आपले नाव, स्थान, दिशा आणि वेग सतत रेडिओवरून प्रसारित करत असतात. ही माहिती मरीन ट्रॅफिक, व्हेसल फाइंडर यांसारख्या अॅपवर नकाशासह दिसते. नकाशावर जहाजाचा वेग शून्याजवळ असेल, तर ते नांगर टाकून पाळीची वाट पाहत आहे असे समजावे. ते केव्हा हलेल याचा भरवसा नसतो.

मिराफ्लोरेस येथे साधारणपणे सकाळी पॅसिफिककडून आलेली जहाजे वर चढताना आणि दुपार कलल्यावर अटलांटिककडून आलेली जहाजे उतरताना दिसतात. मधल्या वेळात बऱ्याचदा हौद रिकामे असतात, आणि नेमके त्याच वेळी पर्यटक मोठ्या संख्येने येतात. ग्रेट लेक्स भागात (सुपीरियर, ह्यूरन आदी सरोवरांच्या परिसरात) हिवाळ्यात पाणी गोठते, म्हणून सू लॉक्स १५ जानेवारी ते २५ मार्च या काळात बंद असतात आणि वेलंड कालवाही हिवाळ्यात बंद ठेवला जातो.

उभे राहण्याची जागा

पहिल्या खेपेला वर चढणारे जहाज पाहावे. ते हौदात शिरते तेव्हा खोल असते आणि त्याची डेक आपल्या पायांच्या पातळीला किंवा त्याहूनही खाली दिसते. पाणी चढू लागले की तीच डेक हळूहळू आपल्या डोळ्यांसमोर येते आणि शेवटी आकाश झाकून टाकते. यासाठी वरच्या बाजूच्या दरवाजाजवळ, जहाजाची नाळ, म्हणजे पुढचे टोक, समोर येईल अशा ठिकाणी उभे राहावे. उतरणारे जहाज पाहायचे असेल, तर हौदाच्या मध्याजवळची जागा बरी, कारण तिथून जहाजाची पूर्ण बाजू भिंतीआड बुडताना दिसते.

जहाज येताना काय पाहावे

जहाज दृष्टीस पडल्यापासून त्याचा वेग पाहत राहावे. माणूस चालतो त्याहूनही ते सावकाश येते, कारण एवढ्या वजनाला थांबवणे हे चालवण्यापेक्षा अवघड असते. पनामाच्या जुन्या लॉकजवळ एक गमतीशीर दृश्य हमखास दिसते: एका लहानशा होडीतून दोन माणसे वल्ही मारत जहाजाजवळ जातात आणि दोर पोहोचवून परत येतात. एवढ्या यंत्रसामग्रीत हे काम अजून वल्ह्यांवरच चालते. त्या दोराला जोडलेले पोलादी तार-दोर भिंतीवरील रुळांवरून धावणाऱ्या विजेच्या इंजिनांना बांधले जातात. या इंजिनांना ‘म्यूल’, म्हणजे खेचर, म्हणतात. ती जहाज ओढतात असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात जहाज स्वतःच्या शक्तीने चालते आणि खेचरे त्याला दोन्ही बाजूंनी ताणून मधोमध ठेवतात. नव्या, रुंद लॉकमध्ये हे काम टगबोटी, म्हणजे जहाजे ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या लहान बोटी, करतात. वेलंड कालव्यात दोरांच्या जागी निर्वाताने चिकटणारे मोठे पॅड जहाजाची बाजू धरून ठेवतात.

जहाजाची नाळ हौदात शिरली की जहाजाकडून नजर काढून त्याच्या आणि भिंतीच्या मधल्या पाण्याकडे पाहावे. जहाज आत येते तेवढे पाणी बाहेर पडावे लागते, आणि फट चिंचोळी असल्यामुळे ते जोराने मागे धावते. त्याच्या रेट्यामुळे जहाजाचा वेग आणखी मंदावतो. पिचकारीत दट्ट्या सरकावा तसा हा प्रकार आहे.

पाणी चढताना

मागचे दरवाजे मिटताना नीट पाहावेत. पनामाच्या जुन्या लॉकमध्ये दोन झडपा मिळून एक कोन करतात आणि त्या कोनाचे टोक उंच पाण्याच्या दिशेने असते. त्यामुळे पाण्याचा दाबच त्यांना घट्ट मिटवून ठेवतो आणि पातळी दोन्ही बाजूंना सारखी झाल्याशिवाय त्या उघडत नाहीत. नव्या पनामा लॉकमध्ये मात्र दरवाजे भिंतीतील खाचेतून आडवे सरकतात.

आता खरी युक्ती. जहाज न पाहता समोरच्या भिंतीवरील एखादी ठळक खूण निवडावी: शिडीची एखादी पायरी, गंजाचा डाग किंवा काँक्रीटचा सांधा. घड्याळात वेळ पाहून ती खूण पाण्याखाली जाण्याची वाट पाहावी. जहाजाकडे पाहत राहिल्यास ते जागच्या जागी उभे आहे असेच वाटते, पण खूण पाहिली की पातळी किती झपाट्याने चढते ते लक्षात येते. पनामाचा एक जुना हौद भरायला साधारण आठ ते दहा मिनिटे लागतात आणि तेवढ्यात सुमारे एक लाख घनमीटर पाणी आत येते. यात पंपाचा काहीच संबंध नाही. भिंतीतील बोगद्यांतून आणि तळाच्या छिद्रांतून पाणी फक्त उतारामुळे वाहते. वरून पाहिले तर हौदात जागोजागी पाणी उकळल्यासारखे फुगते, तिथे खालची छिद्रे आहेत असे समजावे. हे गोडे पाणी शेवटी समुद्रात जाते, म्हणून नव्या लॉकशेजारी साठवण-तळी बांधून त्यातील सुमारे ६० टक्के पाणी पुन्हा वापरले जाते.

जहाजाच्या अंगावरची अक्षरे

हौद भरत असताना जहाज अगदी जवळ आणि स्थिर असते, त्यामुळे त्यावरील खुणा वाचण्याची अशी संधी बंदरातही मिळत नाही. नाळेजवळ आणि मागच्या टोकाला उभ्या रांगेत आकडे दिसतात. पाणी ज्या आकड्यापाशी आहे, तेवढे मीटर (काही जहाजांवर फूट) जहाज पाण्याखाली आहे. मध्यभागी बाजूवर एक वर्तुळ आणि त्यातून जाणारी आडवी रेघ असते, आणि शेजारी लहान रेघांची शिडी. कोणत्या पाण्यात आणि ऋतूत किती भार चालेल याची ती मर्यादा आहे. त्यातील गोड्या पाण्याची रेघ वर असते, कारण गोडे पाणी हलके असल्याने त्यात जहाज जास्त बुडते. समुद्रातून गातून सरोवरात चढणारे जहाज म्हणूनच थोडे अधिक खोल जाते. मागच्या टोकावर जहाजाच्या नावाखाली नोंदणीचे बंदर लिहिलेले असते. ते जहाजाच्या मालकाच्या देशातलेच असेल असे नाही.

ताणलेल्या दोराजवळ मात्र कधीही उभे राहू नये. असा दोर तुटला तर तो चाबकासारखा उलटून फटका मारतो, आणि कठडे त्यासाठीच मागे ठेवलेले असतात. दुर्बीण उपयोगी पडते ती जहाज दूर असताना. ते हौदात आले की रुंद दृश्य टिपणारा कॅमेरा लागतो.

जहाज बाहेर पडू लागले की मागच्या टोकापाशी येऊन पंख्याने घुसळलेले पाणी पाहावे, आणि लगेच निघू नये. रिकामा हौद पुढच्या जहाजाची दिशा सांगतो. वरचा दरवाजा उघडाच राहिला, तर बहुधा वरून येणारे जहाज त्याच पाण्यावर खाली जाणार आहे. दरवाजा मिटून रिकाम्या हौदातले पाणी उतरू लागले, तर पुढचे जहाज खालून यायचे आहे, आणि वरच्या दरवाजाजवळची जागा सोडू नये.