झटका मशीन बदलण्याआधी अर्थिंगचा रॉड बघा: रँचवरच्या या चुका टाळा

रँचवर आता सोलरचं झटका कुंपण आहे, गुरांच्या गळ्यात जीपीएस कॉलर आहे, हौदावर सेन्सर आहे. यंत्रं चांगलीच आहेत. वाट लागते ती बसवतानाच्या घाईमुळे, आणि बोल मात्र यंत्राला लागतो.

अर्थिंगची कंजुषी

ही चूक इतकी ठरलेली आहे की तिचा क्रमही ठरलेला आहे. जमिनीत ओल असताना कुंपण उभं राहतं, झटका सणसणीत बसतो, सगळे खूश. जमीन सुकली की एखादी धीट गाय तारेखालून मान घालून पलीकडचं गवत ओढायला लागते. आठवड्याभरात अर्धा कळप तिच्यामागे. मालक मशीनला शिव्या घालतो आणि दुप्पट ज्यूलचं, म्हणजे दुप्पट ताकदीचं, नवं मशीन आणतो. झटका जेमतेम तेवढाच. शेवटी कोणीतरी शेडमागे वाकून बघतं, तर अर्थिंग म्हणून दोन फुटांची गंजकी सळई, तीही पत्र्याच्या आडोशाला, जिथे पावसाचा थेंब पडत नाही.

तारेतला करंट जनावराच्या अंगातून खुरात, खुरातून जमिनीत आणि अर्थिंगच्या रॉडमधून परत मशीनमध्ये आला तरच झटका बसतो. परतीची वाट बंद असेल तर मशीन कितीही मोठं आणा, फरक पडत नाही.

कमीत कमी तीन गॅल्व्हनाइज्ड रॉड ठोका. प्रत्येक 6 फूट खोल, दोघांमध्ये 10 फूट अंतर, आणि सगळे एकाच अखंड तारेने, क्लॅम्प घट्ट आवळून जोडलेले. मोठ्या मशीनला दर ज्यूलमागे 3 फूट रॉड धरा. म्हणजे 12 ज्यूलला असे सहा रॉड. तांब्याची तार गॅल्व्हनाइज्ड रॉडला जोडू नका, सांधा गंजून जातो. इमारतीच्या वीजजोडणीच्या अर्थिंगपासून 10 मीटर तरी लांब राहा. खडकाळ, कोरड्या रानात एकाआड एक तार थेट अर्थिंगला जोडलेली बरी; जनावर दोन तारांना एकदम टेकलं की जमिनीवर अवलंबून राहावं लागत नाही.

तपासणी अशी: मशीन बंद करा. 100 मीटरपेक्षा लांब जाऊन दोन-चार लोखंडी सळ्या जमिनीत रोवून तारेला टेकवा. मशीन चालू केल्यावर कुंपणाचा दाब 2000 व्होल्टच्या खाली यायला हवा. नाही आला तर सळ्या वाढवा. मग व्होल्टमीटरचं एक टोक शेवटच्या रॉडला लावा, दुसरं मीटरभर लांब मातीत खुपसा. 300 व्होल्टच्या वर आकडा दिसला तर अर्थिंग कमी आहे, आणखी रॉड ठोका. ही तपासणी जमीन सर्वांत कोरडी असते तेव्हाच करायची. ओल्या जमिनीवर कोणतंही अर्थिंग पास होतं.

व्होल्टमीटर मशीनशेजारीच टांगलेला हवा. गवताची काडी टेकवून झटका 'चालू आहे' म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. कुंपणाच्या शेवटच्या टोकाला आकडा 3000 च्या खाली गेला की तारेला टेकलेलं गवत आणि तडकलेले इन्सुलेटर शोधायला निघावं.

कुंपणाची जोडणी जमिनीखालून न्यायला घरगुती वायर टाकू नका. तिचं आवरण काही शे व्होल्टसाठी असतं, कुंपणात काही हजार असतात.

कॉलर म्हणजे कुंपण नव्हे

मोबाइलवर रेघ ओढली की गुरं तिथे थांबतात, हे खरं आहे, पण शिकवल्यावर. कॉलर आधी आवाज देते, जनावर पुढे गेलं तरच सौम्य झटका. आवाजाचा अर्थ कळायला काही दिवस लागतात. म्हणून पहिला आठवडा खऱ्या कुंपणाच्या छोट्या तुकड्यात, एकाच बाजूला आभासी रेघ. पहिल्याच दिवशी शेकडो एकरांत कळप सोडून 'कॉलर फेल आहे' म्हणणारे उतावळे कमी नाहीत.

रस्त्याच्या कडेचं काटेरी कुंपण मात्र कधीही काढू नका. जीपीएस काही मीटर सरकतं, झाडीत आणि दरीत जास्तच. बिथरून पळत सुटलेला कळप आवाज ऐकून थांबत नाही. वासरांना कॉलर नसते. ती रेघेपलीकडे गेली की आई मागून जाते. रेघ सरकवली तर नवी सीमा सगळ्या कॉलरपर्यंत पोचली का ते यादीत बघूनच जुना भाग बंद करा. रेंज नसलेल्या खोलगटातली दोन जनावरं नेमकी मागे अडकतात. आणि पाण्याचा हौद रेघेला खेटून ठेवू नका, भित्री गाय तहानेली राहील.

बाकीच्या, थोडक्यात

हौदाचा सेन्सर पाण्याची पातळी सांगतो, पाणी आणत नाही. उन्हात वासराला पाजणारी गाय दिवसाला 70 लिटर सहज पिते. शंभर गाईंना 7000. दोन दिवसांचा साठा टाकीत हवाच. हौद लांब असेल तर कळप एकदम येतो आणि एकदम परततो. पाणी सावकाश भरत असेल तर मागे राहिलेल्या कालवडी न पिताच कळपाबरोबर निघून जातात, आणि सेन्सर संध्याकाळी हौद भरलेला दाखवतो.

जनावराची ओळख सांगणारा इलेक्ट्रॉनिक बिल्ला कानाच्या मधल्या भागात, दोन कूर्चांच्या मध्ये. टोकाला मारला तर झुडपात अडकून कान फाटतो.

खोड्याच्या, म्हणजे जनावर अडकवून धरायच्या चौकटीच्या, लोखंडाला चिकटवून बिल्ले वाचणारा रीडर बसवला तर तो निम्मे बिल्ले वाचत नाही, लाकडावर बसवा.

नुकत्याच व्यालेल्या गाईवर ड्रोन खाली उतरवू नका. ती वासराला तुडवून पळेल.