पानं, माती आणि खळ: चिमुकल्यांसोबत बसण्याआधीची तयारी

दीड-दोन वर्षांच्या बाळाला घेऊन पानाफुलांचं काही करायचं असेल, तर खरं काम आदल्या संध्याकाळीच उरकावं लागतं. मूल एका जागी दहा-पंधरा मिनिटं रमतं, कधी तेवढंही नाही. तेवढ्यात आपण खळ शिजवायला किंवा फडकं शोधायला उठलो, की बैठक मोडलीच म्हणून समजा. तयारी सगळी आपली आणि करणं सगळं बाळाचं, अशी वाटणी आधीच ठरवून टाका.

सुरुवात पिशव्यांपासून. एक छोटी कापडी पिशवी बाळासाठी, एक तुमच्यासाठी. ऊन चढायच्या आत कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या काठानं, टाऊन हॉलच्या बागेत किंवा विद्यापीठाच्या परिसरात सावकाश एक चक्कर मारा. पडलेलं तेवढं उचलायचं, झाडावरचं तोडायचं नाही. वड, पिंपळ, आंबा, फणस यांची पानं घ्या; ती जाड असतात, शिरा ठळक असतात आणि लहान मुठीत लगेच चुरगळत नाहीत. गुलमोहराची वाळलेली अख्खी शेंग मिळाली तर तिच्यावर दुसरं काही करूच नका, हलवली की आपसूक खुळखुळते. मात्र टोकाला उकललेली शेंग घरी आणू नका, आतल्या बिया सुटतात. फाल्गुनाच्या सुमारास काटेसावरीच्या खाली जाड लाल पाकळ्यांची फुलं पडलेली असतात, ती मुलांना फार आवडतात. पण खोडाला आणि फांद्यांना काटे असतात, म्हणून ती तुम्हीच उचलून द्या. पावसाळ्यात पान उलटं करून बघितल्याशिवाय पिशवीत टाकू नका. शेवग्याच्या आसपास तर जाऊच नका, त्या दिवसांत त्याच्या खोडावर सुरवंट बसलेले असतात आणि त्यांच्या केसांनी अंगाची आग होते.

आता काय आणायचं नाही ते, आणि इथे मी अजिबात सूट देणार नाही. गुंजा दिसायला सुंदर, आपण लहानपणी त्यांच्याशी खेळलोही असू. पण चावली गेलेली एक गुंजसुद्धा लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या, एरंडाच्या बिया आणि धोतऱ्याची बोंडंही तशीच विषारी. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. गाजरगवतानं अंगाला खाज सुटते. शिवाय चिंचोके, रिठे, छोटे खडे घशात अडकतात. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात चार सेंटिमीटरपेक्षा लहान वस्तू द्यायचीच नाही. घरी आल्यावर पिशवी वर्तमानपत्रावर उलटी करा, सगळं झटका आणि या नजरेनं एकदा निवडून घ्या.

ओली पानं वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून वर जड पाट ठेवा. रात्रभरात सपाट होतात.

चिकटवायला बाजारचा गोंद नको, खळ करा. दोन मोठे चमचे मैदा आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मग एक वाटी पाणी घालून मंद आचेवर हलवत राहा. पांढरटपणा जाऊन चकाकी आली की उतरवा. पूर्ण गार झाल्यावरच वाटीत काढा. फ्रीजमध्ये दोन दिवस राहते. खळीला बोट लावायची तयारी नसलेली मुलंही असतात. त्यांच्यासाठी खोक्यांना लावतात ती रुंद चिकटपट्टी उलटी करून पाटावर ताणून बसवा. पान टेकवलं की चिकटलं, हात कोरडेच राहतात.

रंग स्वयंपाकघरातले: हळदीचं पाणी, किसून पिळलेलं बीट, वाटलेला पालक. भेंडीचा देठाकडचा भाग आडवा कापून ठेवा, त्याचा फुलासारखा ठसा उठतो. सुरी आणि कात्री काम झाल्यावर लगेच उचलून ठेवा. हळदीचा डाग निघत नाही, म्हणून रंगपंचमीचे जुने कपडे दोघांनीही घालावेत.

मातीसाठी नदीवर जाऊ नका. पंचगंगेचं पाणी आणि गाळ आज तसा स्वच्छ राहिलेला नाही. कुंभार गल्लीत किंवा बापट कॅम्पला जाऊन मळलेली माती मागा. बेंदराच्या आधी गेलात तर मातीचे बैल घडताना बाळाला बघता येतील. एखादा बैल घरी आणून समोर ठेवला की बाळाला काय करायचं ते सांगावं लागत नाही. शाडू आणलीत तर ओलीच ठेवा, तिची बारीक धूळ नाकात जाता कामा नये. मोठ्या लिंबाएवढा गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवला, तर दुसऱ्या दिवशी मऊ असतो. बाळानं गोळा चापटला, त्यावर पिंपळाचं पान शिरांची बाजू खाली करून दाबलं आणि देठ धरून ओढलं, की शिरान् शिर उमटलेली दिसते. दोन वर्षांच्या मुलाला यात शेवटी पान ओढण्याचीच गंमत जास्त वाटते, ती त्याला पुन्हा पुन्हा करू द्या. पान वाकडं लागलं म्हणून आपण हात घालून सरळ करू नये.

हे सगळं तयार असलं तरी एका बैठकीत एकच काढायचं: ठसे तर ठसे, माती तर माती. बाकीचे डबे नजरेआड ठेवा, नाहीतर मूल सगळ्यात हात घालतं. जागा म्हणाल तर गॅलरी किंवा मोरीजवळची फरशी, खाली जुनी चादर. हाताशी पाण्याचं भांडं, ओलं फडकं आणि खायला काहीतरी. भुकेलं किंवा झोपेला आलेलं मूल बसवू नका, तो दिवस सोडून द्या.

झाल्यावर साबणानं हात आणि नखं धुवा. मातीच्या वस्तू उन्हात ठेवल्या तर तडकतात. सावलीत दोन-तीन दिवस वाळू द्या, मधे एकदा उलटवा. उरलेली पानं तुळशीच्या कुंडीत टाकली तरी चालतात.