आल्याचं विरजण का मरतं? घरची जिंजर बीअर करताना या चुका टाळा

कोरेगाव भागात आल्याला तोटा नाही. लागण संपली की बेण्याचे चार-दोन गड्डे उरतात आणि घरात कुणाला तरी जिंजर बीअरची लहर येते. पहिली चूक तिथंच होते. बेण्याचं आलं लागणीआधी बुरशीनाशकात बुडवलेलं असतं. ते पोटात घालायची वस्तू नव्हे. शिवाय आपल्याला हवं असलेलं यीस्टही बुरशीच्याच कुळातलं, ते त्यात कसं जगणार? आलं खाण्यासाठी ठेवलेल्यातलंच घ्या.

ही बीअर म्हणजे मुळात विरजणाचं काम. आलं, साखर आणि पाणी एकत्र ठेवलं की सालीवरचं यीस्ट आणि जिवाणू कामाला लागतात. इंग्लंडमध्ये पूर्वी घरोघरी ‘जिंजर बीअर प्लँट’ जपत. नाव रोपाचं, पण ती यीस्ट आणि जिवाणूंची जोडी आहे हे हॅरी मार्शल वॉर्ड यांनी १८९२ साली मांडलं. आपण मात्र आलं घासघासून धुतो, वर साल काढतो आणि चार दिवसांनी म्हणतो, फेस का येत नाही? माती जाईल इतकंच धुवा, सालीसकट किसा.

एवढं करूनही बरणी गप्प असेल तर पाण्याकडे बघा. टीसीएल (क्लोरीनची जंतुनाशक पावडर) टाकलेलं नळाचं पाणी विरजणाला मारक. उकळून पूर्ण गार केलेलं पाणी घ्या. एक कप पाण्यात दोन-दोन चमचे किसलेलं आलं आणि साखर, मग रोज एकेक चमचा दोन्ही, आणि बरणीवर फडकं. पाच ते सात दिवसांत बुडबुडे दिसतात. थंडीत जास्त लागतात, तेव्हा मी बरणी गोधडीत गुंडाळते. घरचे हसतात, हसू देत.

गुळाचा मोह आपल्याकडे होणारच. चालतो, रंगही छान येतो. पण पिवळाधमक गूळ नको. त्यात हायड्रॉस (गूळ उजळ करायची रासायनिक पावडर) असण्याची शक्यता फार, आणि त्यातला सल्फाइटचा अंश यीस्टला मानवत नाही. काळपट गूळच बरा.

विरजण तयार झालं की दोन लिटर पाण्याला शंभर ग्रॅम आलं आणि दोनशे ग्रॅम साखर उकळून घ्या. साखर बघून घाबरून ती निम्मी करू नका, यीस्टचं जेवण तेच आहे. शुगर-फ्री गोळ्यांनी गॅस धरत नाही. पाक बोटाला गार लागल्याशिवाय विरजण घालायचं नाही. दह्याला हे सांगावं लागत नाही, इथं का लागतं कोण जाणे. मग अर्धा कप गाळलेलं विरजण आणि दोन लिंबांचा रस.

आता बाटल्या. एका एप्रिलमध्ये मी सरबताच्या काचेच्या बाटल्या गळ्यापर्यंत भरून पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवल्या आणि आम्ही दोन दिवस सांगलीला लग्नाला गेलो. परतलो तर माळाभर काचा, भिंतीवर चिकट ओघळ आणि मुंग्यांची जत्रा. घरात कुणी नव्हतं म्हणून बरं. गोटी सोड्याची बाटली एवढी जाड उगाच नसते. कोल्ड्रिंकची प्लॅस्टिक बाटली वापरा, वर दोन बोटं जागा सोडा, सावलीत ठेवा आणि रोज दाबून बघा. टणक झाली की लगेच फ्रीजमध्ये. उन्हाळ्यात हे एका दिवसातही होतं, हिवाळ्यात चार-पाच दिवस लागतात. फ्रीजमध्येही काम थांबत नाही, मंदावतं. म्हणून आठवड्याभरात संपवा आणि झाकण उघडताना हळूहळू फिरवा.

बाटली टणक झालीच नाही तर आधी झाकण तपासा, बऱ्याचदा गॅस तिथूनच निसटलेला असतो. विरजणावर पांढरी, सपाट साय आली तर ती काढून टाका, बहुधा निभावतं. हिरवी-काळी लव दिसली तर मात्र बरणी रिकामी करा, वरवर काढून भागत नाही.

‘बीअर’ ऐकून आमच्या माळकरी सासूबाईंनी पेल्याला हात लावला नाही, आणि त्यांचं चूक नव्हतं. यीस्ट गॅसबरोबर थोडं अल्कोहोल करतंच; दिवस वाढले की तेही वाढतं. त्यांच्यासाठी मी आता आलं-लिंबाचं सरबत वेगळं काढते.