ईमेल कूटबद्ध करणाऱ्या सॉफ्टवेअरमधील त्रुटी कशा तपासाव्यात आणि कशा बुजवाव्यात

ईमेल एन्क्रिप्शनमध्ये, म्हणजे संदेश इतरांना वाचता येऊ नये म्हणून तो कूटबद्ध करण्याच्या पद्धतीत, त्रुटी सापडल्याची बातमी आली की त्यामागचे गणितच मोडले, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात भगदाड बहुधा उलगडलेला संदेश पडद्यावर दाखवणाऱ्या मेल प्रोग्रॅममध्ये असते. म्हणून तपासणीची सुरुवात तेथूनच करावी.

मे २०१८ मध्ये जाहीर झालेली ‘ईफेल’ ही त्रुटी याच जातीची होती. हल्लेखोर आधी हाती लागलेला कूटबद्ध मजकूर एका नव्या ईमेलमध्ये घालतो, त्याच्या अगोदर चित्र मागवणारा एचटीएमएल टॅग (वेबपानांच्या भाषेतील सूचना) ठेवतो आणि त्यातील पत्त्याचे अवतरणचिन्ह मुद्दाम बंद करत नाही. प्रोग्रॅम मजकूर उलगडून सगळे भाग सलग जोडतो, तेव्हा उलगडलेला मजकूर चित्राच्या पत्त्यात ओढला जातो आणि चित्राच्या मागणीबरोबर थेट हल्लेखोराच्या सर्व्हरवर पोहोचतो. ॲपल मेल आणि थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅमच्या त्या वेळच्या आवृत्त्यांत हे शक्य होते.

यावरून पहिली पायरी ठरते. संदेश साध्या मजकुराच्या रूपातच उघडावेत आणि बाहेरून चित्रे आणण्याची परवानगी बंद ठेवावी. थंडरबर्डमध्ये ‘व्ह्यू’ मेनूतील ‘मेसेज बॉडी ॲज’ येथे ‘प्लेन टेक्स्ट’ निवडता येते. बाहेरील आशयाची परवानगी सेटिंग्जमधील प्रायव्हसीच्या भागात असते. पत्रे थोडी रुक्ष दिसतील, पण गोपनीय पत्रव्यवहारात सजावटीची गरज फारशी नसतेच.

दुसरी पायरी आवृत्त्यांची, आणि गफलत बहुतेक वेळा येथेच होते. ओपनपीजीपी या ईमेल कूटबद्ध करण्याच्या प्रमाण पद्धतीत मजकुरात फेरफार झाला आहे का, हे ओळखण्याची सोय पूर्वीपासून होती; मात्र ही पद्धत राबवणाऱ्या जीएनयूपीजी या प्रोग्रॅमने दिलेला इशारा काही मेल प्रोग्रॅम दुर्लक्षित करून मजकूर खुशाल दाखवत असत. जून २०१८ मधील २.२.८ या आवृत्तीपासून जीएनयूपीजी अशा वेळी उलगडणेच नाकारते. बनावट सही खरी भासवणारी ‘सिगस्पूफ’ ही त्रुटीही याच आवृत्तीत दूर झाली. तरीही केवळ जीएनयूपीजी अद्ययावत करून भागत नाही, कारण आवृत्ती ७८ पासून थंडरबर्ड ओपनपीजीपीसाठी स्वतःची अंतर्गत व्यवस्था वापरतो. त्यामुळे मेल प्रोग्रॅम, त्याला जोडलेला प्लगइन (पूरक प्रोग्रॅम) आणि जीएनयूपीजी यांपैकी आपल्याकडे काम नेमके कोण करते ते पाहून तो भाग अपडेट करावा. लिनक्सवर जुना दिसणारा आवृत्ती क्रमांक पाहून लगेच घाबरू नये. लिनक्सची अनेक वितरणे (उबुंटूसारखी रूपे) सुरक्षेची दुरुस्ती जुन्याच आवृत्तीत बसवतात.

तिसरी पायरी खासगी कीची, म्हणजे आपल्याला आलेले संदेश उलगडणाऱ्या गुप्त किल्लीची. थंडरबर्डच्या ७८.८.१ ते ७८.१०.१ या आवृत्त्यांत आयात केलेल्या खासगी की डिस्कवर संरक्षणाविना साठवल्या जात होत्या. ७८.१०.२ मध्ये ही चूक सुधारली आणि आधी आयात केलेल्या कींनाही संरक्षण मिळाले. मात्र त्या काळात घेतलेले बॅकअप तसेच पडून असतील, तर ते शोधून नष्ट करावेत. थंडरबर्डमध्ये साठवलेल्या कींचे रक्षण करणारा प्रायमरी पासवर्ड ठेवला नसेल, तर तोही ठेवावा.

संदेश खरोखर त्याच व्यक्तीचा आहे हे दाखवणाऱ्या डिजिटल सहीची खात्री करताना संदेशाच्या मजकुरात दिसणाऱ्या हिरव्या खुणेवर विसंबू नये, कारण तशी खूण कोणीही चितारू शकतो. प्रोग्रॅमच्या स्वतःच्या पट्टीतील तपशील उघडावा आणि कीचा फिंगरप्रिंट (तिची ओळख पटवणारी अक्षरे-अंकांची मालिका) फोनवर किंवा प्रत्यक्ष भेटीत पडताळून घ्यावा.

नवी त्रुटी जाहीर झाली असेल आणि दुरुस्ती अद्याप आली नसेल, तर मेल प्रोग्रॅममधील उलगडण्याची सोय तात्पुरती बंद करावी आणि कूटबद्ध मजकूर वेगळ्या प्रोग्रॅममध्ये नेऊन वाचावा. की लगेच बदलण्याची घाई मात्र करू नये. ईफेलमध्ये मजकूर फुटत होता, खासगी की नव्हे. की रद्द करून नवी तयार करणे तेव्हाच आवश्यक ठरते, जेव्हा खासगी कीची फाइल किंवा तिचा असुरक्षित बॅकअप दुसऱ्याच्या हाती गेल्याची शक्यता असते.